खिडकीच्या चौकटीवरच्या खुणा

काल पौर्णिमा होती आणि मी झोपून गेले. कामावरून आल्यावर दहा मिनिटं पाठ टेकते म्हणून आडवी झाले, ती थेट उजाडल्यावरच उठले. खिडकीच्या फळीवर मेणबत्ती ठेवली होती तशीच उभी होती, वात पांढरीशुभ्र. शेजारच्या वाटीत पाणी भरून ठेवलं होतं, तेही तसंच. चंद्र आला, रात्रभर काचेपलीकडे राहिला आणि गेला.

मला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी रडू का यावं, हे समोरासमोर कुणाला सांगणं अवघड जातं, म्हणून लिहून काढते आहे. पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी परत येते. वर्षाला बारा, कधी तेरा. एक हुकली म्हणून काही बिघडत नाही. पण मी पेगन आहे, आणि माझ्या वाटेवर हुकलेल्या पौर्णिमेबद्दल विचारणारं कुणीच नसतं. पुरोहित नाही, 'काल दिसली नाहीस' म्हणणारी शेजारीण नाही, ओशाळं व्हावं असं समोर कुणी नाही. माझी उपासना चुकली, हे माझं मलाच ठाऊक. लोकांना वाटतं, आम्हाला जड जात असेल ती चेष्टा किंवा घरच्यांची नाराजी. ती आहेच. पण अकरा वर्षांनंतर मला विचाराल, तर सगळ्यात जड आहे ते हे कुणी न विचारणं.

'पेगन' म्हटलं की समोरचा बहुतेक वेळा जरा थांबतो, आणि मी मराठी शब्द शोधायला लागते. 'मूर्तिपूजक' म्हणावं, तर माझ्याकडे एकही मूर्ती नाही. 'निसर्गपूजक' त्यातल्या त्यात जवळचा, पण कितीतरी पेगन माणसं देवतांना देवता म्हणूनच भजतात, निसर्गाचं रूपक म्हणून नव्हे. त्यांच्यावर तो अन्याय होतो. 'पाखंडी' असाही एक शब्द सुचवला गेला होता मला. तो मी घेतला नाही. मूळ लॅटिन शब्द 'पागानुस', म्हणजे खेड्यात राहणारा. रोमन सैनिक 'आपल्यातला नव्हे, साधा नागरिक' अशा अर्थानेही तो वापरत. चौथ्या शतकात ख्रिस्ती मंडळी आपल्या बाहेरच्या साऱ्यांना तो लावू लागली. ज्यांना तो लावला त्यांतल्या कुणी कधी स्वतःला पेगन म्हणवून घेतलं नव्हतं. कुणी झऱ्याच्या देवीचं होतं, कुणी चुलीच्या, कुणी सूर्याचं, आणि त्यांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. दुसऱ्याने हिणवून दिलेलं हे नाव विसाव्या शतकात काही माणसांनी आपण होऊन अंगावर घेतलं. त्यात आज विक्का या आधुनिक चेटूक-पंथाचे साधक आहेत, प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेतलेले द्रुइड आहेत, उत्तर युरोपातल्या ओडिन-थॉरना मानणारे आहेत, जुन्या ग्रीक देवतांचे उपासक आहेत, लिथुआनियातल्या जुन्या देवतांना मानणारे रोमुवा आहेत. आणि माझ्यासारखे एकांडे, कुठल्याच पंथात न बसणारे, तेही पुष्कळ.

माझी सुरुवात खिडकीपासून झाली. पूर्वेकडची खिडकी, समोर छपरांची ओळ. सूर्य कुठे उगवतो ते रोज नीट पाहायचं, एवढंच ठरवलं होतं. जमिनीवरची एक फरशी नक्की केली. दर आठवड्याला त्याच फरशीवर पाय जुळवून उभी राहायचे, सूर्याची कड जिथे दिसेल त्याच्या सरळ खाली चौकटीच्या पट्टीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारायचे आणि तारीख लिहायचे. वसंतात, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला, रेघा एकमेकींपासून लांब लांब पडत होत्या. मग त्या जवळ येऊ लागल्या. उन्हाळा चढला तशा इतक्या दाटल्या, की दोन रेघांमध्ये तारीख लिहायला जागा उरेना. मला वाटलं, माझं उभं राहणं चुकतंय. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. नंतर कळलं, की अयनाच्या दिवसाला इंग्रजीत 'सॉल्स्टिस' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी सूर्याचं थांबणं असा आहे. अयनाच्या आसपास कितीतरी दिवस उगवतीची जागा हलल्यासारखी वाटतच नाही, आणि विषुवदिनाच्या सुमारास ती सगळ्यात वेगाने सरकते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे शाळेत पाठ केलं होतं. त्या कलण्याला पेन्सिल लावली ती त्या वर्षी.

मी त्या दिवशी फरशीवर बसून राहिले. हात जोडावेत, की डोकं टेकावं, काही सुचेना. कुठली प्रार्थना येतही नव्हती. पण एवढं नक्की होतं, की जे समोर आहे त्याच्यापुढे नुसतं 'छान' म्हणून चहा करायला उठणं शक्य नाही. माझ्या श्रद्धेला सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं, तर मी त्या दाटलेल्या रेघा दाखवते.

मग वाचन सुरू झालं, आणि माणसं भेटली. वर्षचक्राचे आठ सण समजले: दोन अयनं, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार. त्या मधल्या चारांत काळोख वाढू लागताना येणारा साउइन, थंडीच्या पोटात पहिली ऊब शोधणारा इम्बोल्क, बेल्टेन आणि कापणीचा लूनासा. दक्षिण गोलार्धातले पेगन हेच चक्र सहा महिने फिरवून घेतात, कारण त्यांच्या अंगणात ऋतू उलटा असतो. मला ही गोष्ट फार आवडते. सण पुस्तकातल्या तारखेला नाही, तर बाहेर जे घडतंय त्याला बांधलेला आहे, याची ती खूण आहे. सुरुवातीला सगळे सांगायचे, की हे चक्र हजारो वर्षांचं, आजीकडून नातीकडे गुपचूप आलेलं. मी ते भक्तिभावाने ऐकलं आणि पुढच्या माणसाला तसंच सांगितलंही.

तिसऱ्या वर्षी ते मोडलं. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी आधुनिक विक्काच्या उगमाचा जो शोध घेतला, तो माझ्या वाचनात आला. आठ सणांचं सलग चक्र म्हणून कुठल्याही प्राचीन समाजात पुरावा नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे सण एकत्र करून ते विसाव्या शतकाच्या मध्यावर जुळवलं गेलं. शरद विषुवाला 'मेबन' हे नाव तर १९७० च्या दशकात दिलं गेलं, वेल्श कथांतल्या एका पात्रावरून, ज्याचा त्या दिवसाशी काही संबंध नव्हता. विक्का लोकांसमोर आणली ती जेराल्ड गार्डनर या निवृत्त सीमाशुल्क अधिकाऱ्याने. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी १७३५ चा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याने उघडपणे लिहिलं, की जुन्या चेटकिणींचा एक जिवंत गट आपल्याला भेटला. मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ मध्ये मांडलं होतं, की चेटकीण म्हणून मारले गेलेले लोक एका प्राचीन धर्माचे अनुयायी होते. गार्डनरची कहाणी त्या मांडणीवर उभी होती, आणि ती मांडणी पुढच्या इतिहासकारांनी पुराव्याअभावी बाजूला ठेवली.

ते दिवस मला अजून आठवतात. कुणीतरी घरी येऊन सांगावं, की तुझ्या आजीची म्हणून जी पेटी जपतेस ती बाजारातून आणलेली आहे, तसं झालं. मी फळीवरचं सगळं उचलून कपाटात ठेवलं. चार महिने ते तिथेच होतं.

त्याच सुमाराला एका मेळाव्यात मी बोलताना म्हणून गेले, की युरोपात चेटकीण ठरवून आपल्या नव्वद लाख बायकांना जाळलं गेलं. हा आकडा तेव्हा सर्रास ऐकू यायचा. माझ्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या, चाळीसएक वर्षं या वाटेवर असलेल्या. त्या सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळ, चाळीस ते साठ हजार. नव्वद लाख नाहीत. आणि त्या आपल्या नव्हत्या. बहुतेक जणी साध्या ख्रिस्ती बायका होत्या, शेजाऱ्यांच्या भीतीने आणि न्यायालयांनी मारलेल्या. त्यांचं मरण आपल्या नावावर लावून घेऊ नकोस." मी गप्प झाले. त्या पुढे म्हणाल्या, "खरं तेवढंच ठेव. जे उरेल ते टिकेल."

काय उरलं, ते मी कपाट बंद असताना मोजत राहिले. चौकटीवरच्या रेघा उरल्या. त्या कुणाच्या पुस्तकातून आलेल्या नव्हत्या. आणि दुसरं उरलं ते डोरीन व्हॅलिएंटीचं काम. तिने १९५३ मध्ये गार्डनरकडे दीक्षा घेतली. त्याच्या 'प्राचीन' मंत्रांत दुसऱ्यांच्या लिखाणातले उतारे आहेत, हे तिने ओळखलं आणि त्याला तोंडावर सांगितलं. तुला याहून बरं लिहिता येत असेल तर लिही, अशा अर्थाचं तो म्हणाला, आणि ती लिहायला बसली. देवीच्या तोंडचं जे गद्य आज जगभरच्या उपासनेच्या वर्तुळांतून म्हटलं जातं, ते तिच्या हातचं आहे. हे कळल्यावर मला आधी वाईट वाटलं आणि मग, खूप हळू, हायसं वाटलं. ती बाई माझ्यासारखीच होती. तिला कुणी काही वारशात दिलेलं नव्हतं, आणि खोटा वारसा नको होता. म्हणून तिने मन लावून शब्द केले. मी फळी पुन्हा मांडली. या खेपेला त्यावर माझ्या स्वतःच्या चार ओळी होत्या. फारशा चांगल्या नव्हत्या, पण माझ्या होत्या.

एका गटात मी दोन वर्षं होते. चांगली माणसं होती. वर्तुळात हात धरून उभं राहिल्यावर जे वाटतं ते एकट्याने वाटत नाही, हे मी मान्य करते. पण जी व्यक्ती गट चालवायची, तिला प्रश्न आवडत नसत. चक्र कधी बनलं यावर मी बोलले, त्यानंतर निरोप यायचे थांबले. त्यावर जास्त लिहीत नाही. हात धरल्याची आठवण मात्र येते, विशेषतः थंडीच्या अयनाला.

घरी आईशी एकदाच नीट बोलणं झालं.

"म्हणजे तू देव मानतेस की नाही?" तिने विचारलं होतं.

"मानते गं."

"किती?"

मी उत्तर देऊ शकले नाही. मला खरंच माहीत नव्हतं. चंद्राकडे पाहताना मला 'ती' जाणवते. ती एक आहे, की अनेकींतली एक, की माझ्याच आतलं काही बाहेर दिसतंय, हे माझं मलाच रोज वेगळं वाटतं. आई थोडा वेळ भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, "आजारी पडलीस तर कुणाला हाक मारतेस?" मी म्हटलं, "तुला." ती हसली नाही. म्हणाली, "मी नसले की?" तो प्रश्न तेव्हापासून माझ्याजवळ आहे.

दोन वर्षांनी मी खरंच आजारी पडले. शस्त्रक्रिया होती. दाखल होताना अर्जात धर्माचा रकाना आला. मी 'पेगन' सांगितलं. समोरच्या बाईंनी मान वर करून विचारलं, "हे काय असतं?" मागे रांग होती. मी सांगायला सुरुवात केली, तशी त्या म्हणाल्या, "इतर लिहू ना?" मी हो म्हटलं. त्यांची काही चूक नव्हती, त्यांना रांग संपवायची होती. पण भूल देण्याआधी छताकडे बघत पडले असताना मला तोच शब्द आठवत होता. आपण मेलो तर 'इतर' म्हणून मरू. आईसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवतांना मानणाऱ्यांच्या संघटनेला १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये एका द्रुइड संस्थेला धर्मादाय संस्था म्हणून मान्यता मिळाली. लिथुआनियाच्या संसदेने रोमुवाला मान्यता द्यायला २०२४ उजाडावं लागलं, तेही २०२१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिल्यावर. पूर्वी हे वाचताना मला वाटायचं, कशाला हवी सरकारची मोहर? त्या खाटेवर पडल्यापासून असं वाटत नाही.

त्याहूनही जवळची वाटते ती एक अमेरिकी बाई. तिचा नवरा सैनिक होता, विक्काचा अनुयायी. २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. स्मृतिफलकावर कोरायच्या मान्य चिन्हांच्या यादीत कितीतरी धर्म होते, नास्तिकांसाठीही चिन्ह होतं. विक्काचं चिन्ह, वर्तुळातली पाच टोकांची चांदणी, तेवढी नव्हती. आपल्या माणसाचा फलक कोरा ठेवायला ती तयार झाली नाही. ती भांडत राहिली, इतरांबरोबर न्यायालयात गेली, आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने ती चांदणी यादीत घेतली. आपल्या माणसाच्या नावाखाली एक चिन्ह असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि कोरडे महिने. त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मेणबत्ती लावते, आणि ती मेणबत्ती असते. झाड झाड असतं, चंद्र म्हणजे उजेड पडलेला दगड. ओळी म्हणते त्या माझ्याच आवाजात माझ्याच कानावर पडतात. गेल्या वर्षी हे सात महिने चाललं. या वाटेवर कुणी सांगणारं नसतं, की हे सगळ्यांचं होतं, थांब जरा. मी त्या काळात ओळी म्हणणं सोडून दिलं. जे वाटत नाही ते म्हणायचं नाही, असं ठरवलं. खुणा तेवढ्या सोडल्या नाहीत. आठवड्यातून एकदा फरशीवर पाय जुळवून उभी राहायचे, रेघ मारायचे, तारीख लिहायचे आणि कामाला लागायचे. भाव नसताना हे करणं म्हणजे ढोंग, असं मला कधी वाटलं नाही. सूर्य कुठे उगवला हे माझ्या भावावर अवलंबून नव्हतं, आणि ते खरं लिहिणं माझ्या हातात होतं.

त्या सात महिन्यांतच बाबा गेले.

बाबा काहीच मानत नव्हते. माझं पेगन होणं त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. खिडकीवरच्या रेघा मात्र ते येतील तेव्हा वाकून बघायचे आणि तारखा तपासायचे. एकदा म्हणाले, "या दोन आठवड्यांचं अंतर कमी पडतंय. ढग होते का?" ढगच होते. मी तेव्हा अंदाजाने रेघ मारली होती.

अंत्यविधी नातेवाइकांनी त्यांच्या रीतीने उरकला. कुणाला दोष देत नाही, त्या वेळी कुणीतरी पुढे व्हावं लागतं आणि त्यांना काय करायचं ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी कोपऱ्यात उभी होते. म्हटले जाणारे शब्द मलाही परके होते आणि बाबांनाही परके असते. आम्ही दोघंच त्या खोलीत बाहेरचे होतो, आणि त्यांतला एक आडवा होता. माझ्याकडे त्यांच्यासाठी एक ओळ असायला हवी होती. नव्हती.

मग साउइन जवळ आला. गेलेल्या माणसांसाठीची रात्र. त्यांच्यासाठी जागा मांडायची, त्यांची नावं घ्यायची, त्यांना बोलवायचं. मी आठवडाभर आधी ओळी लिहायला बसले आणि थांबले. ज्या माणसाने आयुष्यभर कुठलंही बोलावणं मानलं नाही, त्याला मी माझ्या वर्तुळात ओढायचं? ते जिवंत असते तर चष्मा पुसत 'तुझं चालू दे' म्हणून दुसऱ्या खोलीत गेले असते. मेल्यावर माणसाला दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. अंत्यविधीच्या वेळी नातेवाइकांनी जे परक्या शब्दांनी केलं तेच मी माझ्या शब्दांनी करणार होते. लिहिलेला कागद मी फाडला.

त्या रात्री फळीवर मेणबत्ती लावली, पाण्याची वाटी ठेवली, आणि कुणाला बोलावलं नाही. त्या दिवसाचं वर्तमानपत्र उघडलं. बाबा रोज सकाळी आईला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, हातात पेन्सिल धरून, आणि शुद्धलेखनाची चूक दिसली की वाचता वाचता तिला गोल करायचे. "ऱ्हस्व हवा," एवढंच म्हणायचे आणि पुढची बातमी. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मथळे, मग खालचा मजकूर. अग्रलेख त्यांना आवडायचा, तोही वाचला. आवाज दोनदा अडकला, तेव्हा थांबले आणि पुन्हा त्याच वाक्यापासून वाचलं, कारण वाक्य अर्धवट सोडलेलं त्यांना चालत नसे. काही जाणवलं का? कुणी आलंय असं वाटलं का? नाही. वारा हलला नाही, ज्योत हलली नाही. पण मी वाचत होते ते कुणालातरी वाचून दाखवत होते, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

पाचव्या पानावर, खालच्या एका छोट्या बातमीत, 'पूर्ण' मधला पू ऱ्हस्व छापला होता. मी खिडकीपाशी गेले, चौकटीवर ठेवलेली पेन्सिल घेतली आणि त्याला गोल केला.

"दीर्घ हवा," मी म्हटलं, आणि पुढची बातमी वाचायला घेतली.